हात तेवढे माझे

माझं माहेर पुनावळ्याचं, जुन्या गावठाणातलं. भाकरी थापताना आई गायची अन् मी परातीवर ठेका धरायची, तिथनंच माझं गाणं. जयंतीला वस्तीत गायची मी. लग्न झालं, कासारवाडीला आले, हे वारले तवा चाकणला पॅकिंगला लागले, अन् कंपनीच्या बसमधी गात सुटले, तर बरोबरच्या बाईनं मोबाईलवर घेतलं अन् तिच्या भाच्याला ऐकवलं, त्यो गाण्यांचे व्हिडिओ काढतो. मावशी, तुमच्यावरच करू म्हणला, पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बाईचं गाणं.

गाणं झालं. आईचे दोन्ही कान आता गेलेत, म्हणून खुणेनं सांगितलं, मोबाईलवर मी दिसणार हाय. तवापास्नं ती रोज शेजारणीला विचारायची, कमल आली का मोबाईलवर?

शूटिंगला गेले, तर काय सांगू तुमाला, एक गोरीपान पोरगी मेकअप करून बसलेली, पाठ उघडी. मी म्हणलं ही कोण, तर भाचा म्हणला हिरोईन, आवाज तुमचाच मावशी, तोंड हिचं, लोकांनी बघायला पायजे ना. म्हणलं बाबा, पाठ उघडी टाकून पहिल्या शिफ्टला कोण जातंय, सुपरवायझर गेटावरनंच माघारी धाडील. हसली सगळी. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पोरगी वाईट नव्हती, तिनंच मला खुर्ची दिली. पण तिची नखं ही एवढी, भाकरी काय थापता येईना. मग म्हणला, मावशी, हात तेवढे तुमचे घेतो. तिच्या बांगड्या घातल्या अन् थापली मी.

व्हिडिओ आला अन् माहेरी जायला माझा पाय उचलंना. आवाज माझा, त्यो आईला ऐकू येत न्हाई, अन् दिसती दुसरीच. तरी गेले, मोबाईल आईपुढं धरला. पोरगी नाचती, आई माझ्याकडं बघती, तू कुठंय? मी मान खाली घातली. तेवढ्यात व्हिडिओत भाकरी आली. डाव्या अंगठ्यापाशी माझ्या तव्याचा डाग हाय, ल्हानपणी पोळले तवा आईच फुंकर घालत बसली व्हती. तिनं त्या डागावर बोट ठेवलं अन् व्हिडिओ तिथंच थांबला. म्हणली, ही बघ माझी कमल.

आता सुट्टीला गेले की मोबाईल मागती, डागावर बोट ठेवती अन् बघत बसती. पुढचा नाच बघतच न्हाई. त्या पोरीचं भलं व्हावं, भाच्याचंबी व्हावं. परवा त्यानं दुसऱ्या गाण्याला बोलावलंय. म्हणलं येते की बाबा, पण आता आख्खी येते.