मीच बांधायची आणि मीच पाडायची

...आणि वर मलाच सांगतात, "मारुतीकाका, घ्या पहार, पाडा भिंत!" अहो, माझी भिंत! चुन्यात गूळ घातलाय, बेलाचा गर घातलाय, घाणीला बैल इतका फिरवलाय की बैलाला घेरी आली, आणि ती पाडायची? का, तर म्हणे माणसं मावत नाहीत! आता माणसं मावत नाहीत हा दोष भिंतीचा की माणसांचा, तुम्हीच सांगा! पण गवंड्याला विचारतो कोण!

तुम्हाला सांगतो, आम्ही मूळचे धारचे. आजा पवारांच्या फौजेबरोबर आला, पण हातात तलवार नव्हती, थापी होती. फौज पांगली, थापी राहिली. धार म्हणा, देवास म्हणा, देवळं बांधावी ती आमच्या घराण्यानं! आणि असल्या घराण्यातला मी जाऊन पडलो कुठं? उदयनगरच्या रानात, गोऱ्या पाद्र्याकडे!

फादर आन्सेल्म त्याचं नाव. दाढी ही एवढी, कमरेला दोरी, पायात झिजलेल्या वहाणा. संवत छप्पनचा दुष्काळ पडला ना, लोकांनी झाडांच्या साली खाल्ल्या, तेव्हा हा माणूस दोन गाड्या ज्वारी घेऊन रानात आला नि मोहाच्या झाडाखाली बसला. आईबाप मेलेली भिलांची पोरं त्याला येऊन चिकटली. त्यांना खाऊ घातलं, तापाला कुनैन पाजलं, त्याच झाडाखाली अक्षरं गिरवून घेतली. लोक म्हणाले, काळ सरला की जाईल. जातोय कशाला! पोरांना मिशा फुटल्या, पोरांनी मामे धरून आणले, मामांनी माम्या आणल्या, मोहाची सावली पुरेना, तेव्हा पाद्र्याला सुचलं की आता देवाला घर पाहिजे. बोलावलं मला. "मारुती, भगवान का घर. बहुत मजबूत. समझा?"

समझा म्हणजे? आमच्या सात पिढ्यांनी दुसरं केलंय काय? पण तेवढंच बोलून हा गेला लोहारद्याकडे, पटकी आली होती तिथं, रोगी बघायला. नकाशा नाही, माप नाही, काही नाही!

मग मी काय बांधलं? देवाचं घर! गाभारा! काळा दगड, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, आत देव नि पुजारी राहील एवढी जागा, दार ठेंगणं, म्हणजे माणूस वाकून जाईल, आणि बाहेर लोकांना हा भलामोठा ओटा! असा गुळगुळीत, की वर तूप ओतावं आणि खुशाल चाटावं!

पाद्री परतला. आत गेला. बाहेर आला. परत आत गेला. दाढी खाजवली.

"मारुती, बहुत अच्छा. लेकिन... लोग?"

"लोग बाहर, फादरसाब."

"बाहर क्यों?"

आता ह्याला काय सांगायचं, कपाळ! अहो, लोक बाहेरच असतात! देव आत, लोक बाहेर. मी स्वतः गाभारा बांधतो, एकदा मूर्ती बसली की मी पायरीखाली. बाप पायरीखाली, आजा पायरीखाली. ह्यात 'क्यों' कुठून आलं?

पाद्र्यानं ओट्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणतो, "इस घर में बाहर कोई नहीं रहेगा. यह पंगत है, मारुती."

झालं! पंगतीला गाभारा पुरत नाही एवढं मलाही कळतं! पण हे आधी सांगायला तोंडात काय मूग धरले होते? गवंड्याला विचारतो कोण!

आणि तोंडावर नाताळ. बिशपसाहेब पहिल्यांदाच येणार, सगळ्या टेकड्यांवरच्या भिलवस्त्या उतरणार. पाद्री म्हणाला, पुढची भिंत पाडू, घर लांबवू. मी म्हटलं, नाही पाडणार! थापी टाकली नि ओट्यावर तमाखू मळत बसलो. बघू कोण पाडतो!

आला फत्तेसिंग. काळातल्या पोरांतला हा सगळ्यात थोरला, आता तोच बाकीच्यांना प्रार्थना शिकवतो. चार जवान, चार पहारी. धाड! धाड! टवका उडेल तर शपथ!

"काका, या भींत है के पहाड़?"

"मारा, मारा अजून!" छाती माझी ही अशी फुगली.

तेवढ्यात घरातून आमची कारभारीण, यमुनाबाई. "छाती काय फुगवताय? नाताळाला लेकुरवाळ्या बायका थंडीत उघड्यावर बसणार नि ऊब कुणाला, तर तुमच्या दगडांना!"

मी म्हटलं, तू गप. पण तिकडं बघतो तर काय, ती गाढवं खालून खोदायला लागलेली! "अरे, भिंत खालून पाडतात का? अंगावर घ्यायचीय? सरका! वरून काढायची, थर थर!" आणि घेतली पहार. पाडली मी. अहो, पाडतानासुद्धा ओळंबा लावला!

सागाचे खांब, वर कौलं, नाताळच्या सकाळपर्यंत झालं बुवा उभं. माणूस लोटला! ढोल काय, मांदळ काय, गाणी काय! सगळे आत. आणि मी? मी आपला सवयीनं पायरीखाली, वहाणा हातात. म्हटलं, आता सुरू करतील. तर आत एकदम शांत. फत्तेसिंग बाहेर आला.

"काका, भीतर आवो."

"मी बरा आहे इथं."

"फादरसाब रुक्या है."

डोकावतो तर अख्खी पंगत मान वळवून माझ्याकडं! पाद्री थांबलेला, एवढा मोठा बिशप थांबलेला... एका गवंड्यासाठी! फत्तेसिंगनं धरला दंड नि नेऊन बसवलं मधोमध. तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतः बांधलेल्या देवघरात, देव आत असताना, मी आत बसलो. वर बघितलं तर एक वासा वाकडा! बांधताना दिसलाच नव्हता. बांधताना बसतो कोण!

पुढं मीही पाणी घेतलं डोक्यावर. नाव ठेवलं योसेफ, हाक मात्र अजून मारुतीच. योसेफ म्हणे सुतार होता. म्हटलं, तुमच्यात गवंडी कुणी नव्हता काय? पण गवंड्याला विचारतो कोण!

आणि आता बघा या! मोहाखालची शाळा पक्की झाली, दवाखाना झाला, मुली वाचतात, पार नर्मदेकाठून गाड्या जुंपून माणसं येतात. आहे का एवढी पंगत पंचक्रोशीत कुठं? शाळेची पोरं मावेनात म्हणून डावी भिंत गेली. नर्मदेकाठचे मावेनात म्हणून उजवी गेली. तिन्ही मीच बांधल्या, तिन्ही मीच पाडल्या. आणि काल परत फादरसाब दाढी खाजवत हजर, "मारुती, फागुन में बहुत शादी."

मी म्हटलं, "फादरसाब, आता उरली एक. तिला देव टेकून उभा आहे!"

हा नुसता हसतो.

बरं बाबा. आणा पहार. देवाला तेवढं सांगा, म्हणावं, जरा मागं सरकून घे.