वळणावर उभे राहणारे तुळजाजी सर

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कॉलेजचे प्राचार्य दत्तोपंत, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त झालेले आमचे क्रीडाशिक्षक तुळजाजी सर, आणि तंजावर सोडून मद्रासेत स्थिरावलेल्या माझ्या समाजबांधवांनो, भगिनींनो,

मी चंद्रमौळी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याआधी सरांच्या हाताखाली धावलो. फारसा वेगानं नाही. बघा, सर मान डोलावताहेत!

लांब पल्ल्याचे धावपटू घडवणारा माणूस यशस्वी झाला हे कशावरून ठरवायचं? कपाटातल्या ढालींवरून? मग रंगाचं काय करायचं?

रंगा आमचा सर्वांत चांगला धावपटू. सत्तावन्न सालच्या आंतरकॉलेज शर्यतीला तो अंगातला ताप लपवून आला. सुरुवातीच्या रेषेवर सरांनी त्याच्या मानेला हात लावला आणि त्याच्या पाठीवरचा नंबर काढून घेतला.

रंगा रडकुंडीला आला. "सर, धावू द्या. आई बघायला आलीय."

"शर्यत पुढच्या वर्षीही होईल रे," सर म्हणाले. "तू असायला हवास."

ढाल गेली. सरांना नको नको ते ऐकावं लागलं. रंगानं तर कॉलेजच सोडलं, तेही सरांशी एक शब्द न बोलता.

पुढच्या वर्षी गिंडीच्या झाडीतल्या शर्यतीत तो दुसऱ्या कॉलेजकडून उतरला. सर नेहमीसारखे पार टोकाच्या वळणावर उभे. तिथं प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात. धावणारा तिथंच एकटा पडतो. मी पाणी घेऊन शेजारी होतो. आमच्या कॉलेजचा मुलगा पुढे, रंगा मागे, खांदे आखडलेले.

"डेय रंगा! खांदे सैल सोड!" सर ओरडले.

रंगानं वळून पाहिलं नाही. पण खांदे खाली आले, आणि तो जिंकला.

मी चिडून म्हणालो, "सर, तो आता आपला नाही."

"बनियन कुणाचं ते बघायचं राहून गेलं रे," ते म्हणाले. "पाय ओळखीचे होते."

रंगा भेटायला आला नाही. आम्ही बसनं परत निघालो. सरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मैलापूरला उतरताना एवढंच म्हणाले, "आज घरी जाऊन कुणाला सांगू, रंगा जिंकला म्हणून?"

रंगा आजही आलेला नाही. मी स्वतः बोलवायला गेलो होतो.

काल सरांनी मला हळूच विचारलं, "चंद्रमौळी, आता मी नोकरीत नाही. सकाळी कॉलेजच्या मैदानावर आलो तर कुणी हरकत घेईल का? कुणाला काही शिकवणार नाही."

प्राचार्य महाशय, हे उत्तर देणं माझ्या अधिकारात नाही. आपण आता बोलायला उठाल, तेव्हा आधी तेवढं सांगावं, ही विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आपला समजून पोटात घाला.