बासुंदीसाठी दिलेल्या चौदा बाटल्या

दिनांक १३/०२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

माझे नाव वर्धमान आप्पासाहेब मगदूम, वय ५२ वर्षे, धंदा खाद्यरंग व इसेन्स विक्री, शिक्षण दहावी पास, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर. दुकान लक्ष्मीपुरी येथे, भाड्याचे.

आपण बिलबुकासह बोलावल्यावरून मी आज ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, माझ्या दुकानातून गेलेल्या इसेन्सच्या चौदा बाटल्यांपैकी तीन बाटल्या अद्याप सापडलेल्या नाहीत. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्या ओढण्यासाठी नाहीत हे माहीत नाही. माझे काय व्हायचे ते होईल, पण हे आधी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, म्हणून आधी लिहिले आहे.

मी गेली एकतीस वर्षे वरील धंदा करतो. हे काम मला कोणी शिकवलेले नाही, बाटल्यांवरची लेबले वाचून आणि माल वाया घालवून शिकलो. कोणत्याही गिऱ्हाइकाला बाटली देण्याआधी मी "पावणं, कशाला पाहिजे?" असे विचारतो. कारण वास एकच असला तरी इसेन्स दोन जातींचा असतो. एक पाण्यात विरघळणारा, तो सरबत, सोडा, बर्फगोळा यांना. दुसरा तेलातला, तो पेढा, बिस्किट, बासुंदी यांना, कारण त्यात स्निग्धांश असतो व तेथे तेलातलाच वास टिकतो. कंपनीचे लेबल इंग्रजीत बारीक असते, म्हणून तेलातल्या प्रत्येक बाटलीवर मी स्वतः 'तेलातला' अशी मराठी चिठ्ठी चिकटवतो. गिऱ्हाईक काय म्हणाले ते बिलावर 'कशासाठी' या रकान्यात लिहितो, जमल्यास मोबाईल नंबर घेतो. असा रकाना लक्ष्मीपुरीत दुसऱ्या कोणाच्या बिलावर नाही.

माझ्या दुकानाला लागून हंबीरराव सर्जेराव इंगवले, वय ५३, यांचे मोबाईल दुरुस्ती व कव्हर विक्रीचे दुकान आहे. आमची भिंत एकच आहे. आमची ओळख तालमीत जात होतो तेव्हापासूनची, म्हणजे पस्तीस वर्षांची. माझ्या लग्नात अक्षता संपल्या तेव्हा तेच सायकलवरून जाऊन घेऊन आले होते. याचा या कामाशी संबंध नाही असे साहेब म्हणाले, तरी लिहून ठेवावे.

मी वयाच्या चोविसाव्या वर्षापासून सिगारेट ओढत होतो. आमच्या घरात कांदाबटाटा येत नाही, सूर्य मावळल्यावर जेवण होत नाही, त्यामुळे ही गोष्ट फक्त हंबीरराव यांना माहीत होती. सन २०२२ मध्ये त्यांनी मला वाफ ओढायचे मशीन आणून दिले. त्यात भरायचे पातळ द्रव्य संपल्यावर मी रिकाम्या बाटलीवरचे घटक वाचले व दुकानाच्या पोटमाळ्यावर स्वतः मिसळू लागलो. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे हे मला तेव्हाही माहीत होते. निकोटीन प्रत्येक वेळी कमी करत मी ऑगस्ट २०२३ मध्ये शून्यावर आणले व दिवाळीत मशीन बंद करून ठेवले. त्यानंतर मी काहीही ओढलेले नाही. माझी पत्नी त्रिशला हिला यातले काही माहीत नाही. आज कळेल.

येथे साहेबांनी मला समज दिली की, मी सांगतो ते माझ्याविरुद्ध जाऊ शकते आणि मला केवळ विक्रीबाबत बोलावले आहे. मला ते समजले. पुढे लिहावे.

सन २०२४ च्या दसऱ्याआधी हंबीरराव मला म्हणाले की, त्यांचा खोकला जात नाही, त्यांनाही सिगारेट सोडायची आहे, तर मी जे केले ते नवशिक्याला समजेल असे लिहून द्यावे. मी दुकान बंद केल्यावर रोज थोडे याप्रमाणे एकोणीस संध्याकाळी बसून दोनशे पानी वहीत अकरा सूचना लिहिल्या. प्रत्येक सूचनेखाली कारण लिहिले, कारण कारण कळले नाही तर माणूस सूचना पाळत नाही. वही त्यांना दसऱ्याला, सोन्याबरोबर दिली.

सूचना साहेबांनी विचारल्यावरून थोडक्यात सांगतो. थेंब मोजू नयेत, सोनाराकडे असतो तशा काट्यावर वजन करावे, कारण त्या द्रव्यातल्या ग्लिसरीनचा थेंब जाड पडतो आणि इसेन्सचा बारीक, आणि दोन ड्रॉपर कधी सारखे नसतात. बाटली काचेची घ्यावी, तिच्यावर तारीख व वजने लिहावीत, लक्षात राहील म्हणू नये. नवशिक्याने निकोटीनला हात लावू नये, ते कातडीतूनही अंगात जाते. एका वेळी एकच वास घ्यावा आणि आपल्याला वाटते त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी, कारण नाक पहिल्या दिवशी फसवते. मिसळल्यावर आठवडाभर अंधारात ठेवावे, घाई करू नये. साखर, गूळ, मध घालू नये, जळतो. नववी सूचना तेलाची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात इसेन्सचा एक थेंब टाकावा, थेंब वर तरंगला तर ती बाटली स्वयंपाकघरात ठेवावी, मशीनजवळ आणू नये. तेल पोटात पचते, छातीत पचत नाही. या सूचनेखाली मी लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. अकरावी सूचना अशी की, मी डॉक्टर नाही, यातले काहीच न ओढणे हे सगळ्यात चांगले.

डिसेंबर २०२४ पासून माझ्याकडे वेलची-केशर इसेन्स मागणारी नवीन गिऱ्हाइके येऊ लागली. कशाला पाहिजे असे विचारल्यावर सगळी बासुंदीला म्हणत. पहिली नोंद दिनांक ०६/१२/२०२४ ची आहे. बासुंदीला म्हटल्यावर मी तेलातला दिला, जो बासुंदीला बरोबर आहे. लग्नसराई आहे, लोक पुन्हा घरी बासुंदी करायला लागले, असे मला वाटले. मला बरे वाटले. मी प्रत्येकाला इसेन्स दूध उतरवल्यावर घाला, उकळताना घातला तर वास उडून जातो, असे सांगत होतो. काही जण हसत होते. ते का हसतात हे मी विचारले नाही.

दिनांक २७/०१/२०२५ रोजी दुपारी १.१५ चे सुमारास विश्वजित पोवार, वय ३४, राहणार उचगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, हे दुकानात आले. त्यांनी वेलची-केशर मागितला व बासुंदीला पाहिजे असे सांगितले. मी तेलातली २० मिलीची बाटली दिली. बिल क्रमांक ४१२, हजर केले आहे. दूध कुठले घेणार असेही मी विचारले होते. म्हशीचे म्हणाले.

दिनांक १०/०२/२०२५ रोजी सकाळी १०.४० वाजता त्यांची पत्नी पूर्णिमा दुकानात आल्या. त्यांच्या हातात तीच बाटली होती, निम्म्याहून जास्त संपलेली.

त्या म्हणाल्या, "काका, ह्यात काय काय हाय? डॉक्टर इचाराय लागल्यात. पाच दिवस झालं नुसती धाप लागलीया, आता ऑक्सिजनवर हाईत."

मी विचारले, बासुंदी खाल्ल्यावर का?

त्या म्हणाल्या, "बासुंदी कुठली, काका? मशीनात घालून ओढलंय त्यांनी. सिगारेट सोडायची म्हणून."

मी त्यांना म्हणालो की चिठ्ठीवर स्वच्छ 'तेलातला' लिहिले आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "वाचलं की त्यांनी. मला म्हणालं बी, हे बघ, तेलातला हाय, म्हंजे भारी. तुपातलं असतंय तसं."

मग त्यांनी पतीच्या मोबाईलवर आलेला कागद दाखवला. 'धूर बंद, कोल्हापूर' असे नाव असलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा होता. वर लिहिले होते, घरच्या घरी लिक्विड, नवशिक्यांसाठी पाच सोप्या टिप्स, अनुभवी तज्ज्ञाकडून. पहिल्या चार सूचना माझ्या होत्या. वाक्ये माझी होती, 'नाक पहिल्या दिवशी फसवते' हे सुद्धा. कारणे काढलेली होती. काट्याच्या जागी थेंब आले होते. तेलाची सूचना नव्हती.

पाचवी सूचना माझी नाही. ती जशीच्या तशी सांगतो: "इसेन्स लक्ष्मीपुरीत चांगला मिळतो. दुकानदार कशाला पाहिजे म्हणून विचारतो. बासुंदीला म्हणायचे, जास्त बोलायचे नाही."

सरबताला म्हणायचे असे जरी लिहिले असते, तरी मी पाण्यातला दिला असता. तोही ओढायची वस्तू नव्हे, पण त्यात तेल नाही.

मी दुकान उघडे टाकून पूर्णिमा यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो व बाटलीत काय आहे, किती टक्के तेल आहे, हे डॉक्टरांना लिहून दिले. मिसळायची पद्धत कोणी सांगितली असे त्यांनी विचारले. मूळ पद्धत माझी आहे असे मी सांगितले. पूर्णिमा तेथेच उभ्या होत्या. मी आणलेली शहाळी त्यांनी परत माझ्या हातात दिली.

त्याच दिवशी सायंकाळी ६.३० वाजता मी हंबीरराव यांच्या दुकानात गेलो. त्यावेळी त्यांच्या हातात सिगारेट होती. मी त्यांना विचारले की माझी वही तुम्ही कोणाला दाखवली. ते म्हणाले, "वही कुणाला दावायची गा? तुझं वाचायचं म्हंजे वकील लावाय पाहिजे. अकराचं पाच केलं, म्हणून लोकांनी वाचलं तरी."

तेलाची सूचना का काढली, असे विचारता ते म्हणाले की पेल्यात थेंब टाका, तरंगतो का बघा, हे ऐकून लोक कंटाळतात. बासुंदीचे का लिहिले, असे विचारता ते म्हणाले, "तू इचारून इचारून गिऱ्हाईक हाकलतोस. खरं सांगितलं असतं तर दिला असतास काय तू?"

मी म्हणालो, नसता दिला.

"मग? तेवढ्यासाठीच लिहिलं की."

मी कोणाला काय विचारतो आणि का विचारतो, हे त्यांना भिंतीपलीकडून इतकी वर्षे ऐकू येत होते. एवढेच मला याबाबत सांगायचे आहे.

नंतर त्यांनी माझ्यासमोर ग्रुप बंद केला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कागदावर तुझं नाव हाय का कुठं? न्हाय. पोलिसांनी बोलावलं तर बिल दाखवायचं. बासुंदीला मागितला, बासुंदीला दिला. ह्यात खोटं काय हाय, सांग मला." वहीचे विचारले तेव्हा घरी कुठेतरी असेल म्हणाले. ती त्यांच्या गल्ल्याच्या टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणून त्याखाली घातलेली मला जाताना दिसली. मी वाकून काढून घेतली. ती आज हजर करत आहे. वही दोनशे पानी, लिहिलेली पाने सव्वीस, नवव्या सूचनेच्या पानावर टेबलाच्या पायाचा गोल दाब आहे.

त्यांनी सांगितले ते खोटे नाही, हे मी दोन दिवस स्वतःशी तपासून पाहिले. बिलाप्रमाणे मी बासुंदीलाच दिला आहे. तेवढेच सांगून मी घरी जाऊ शकलो असतो. पण बिलबुकात बासुंदीच्या नोंदी चौदा आहेत. विश्वजित सोडून उरलेल्या तेरांपैकी दहा जणांचे नंबर माझ्याकडे होते. त्यांना मी फोन केले. आठ जणांनी बाटली मशीनसाठीच नेल्याचे कबूल केले व परत आणून दिली. त्यातले चौघे खोकत होते, त्यांना डॉक्टरांकडे पाठवले आहे. दोघांनी खरोखरच बासुंदी केली होती, चांगली झाली म्हणाले.

राहिलेल्या तिघांनी नंबर दिले नव्हते. बिल क्रमांक ३८८, ४०५ व ४१९. ४१९ च्या गिऱ्हाइकाने दोन बाटल्या मागितल्या होत्या, मी एकच दिली, एका घरच्या बासुंदीला एक पुष्कळ होते असे सांगितले. त्यांची नावे फक्त ग्रुपच्या यादीत आहेत. ग्रुप बंद झाला तरी नंबर हंबीरराव यांच्या मोबाईलमध्ये आहेत, कारण बाटली परत आणणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला त्यांनी मशीन स्वतः दिले आहे. मी काल ते नंबर दोन वेळा मागितले. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

आज मला येथे हंबीरराव यांनीच त्यांच्या गाडीवरून आणले. मी बिलाचेच बोलणार असे समजून ते बाहेर बाकावर थांबले आहेत. काम झाले की मिसळ खायला जायचे, असे त्यांनी येताना ठरवले होते.

माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे का, असे साहेबांनी विचारले. माझी तक्रार आहे. वही लिहिणारा मी आहे, हेही त्याच तक्रारीत लिहावे, वेगळ्या कागदावर नको.

जबाब वाचायला घेण्याआधी हंबीरराव यांचा मोबाईल ताब्यात घ्यावा अशी मी विनंती केली, त्याप्रमाणे हवालदारांनी बाहेर जाऊन तो घेतला. त्यानंतर जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार उघडे होते व हंबीरराव बसले होते ते बाक दारालगतच आहे. दार लावायचे का, असे विचारल्यावर मी नको म्हणालो. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
वर्धमान आप्पासाहेब मगदूम