नावाच्या रकान्यात बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वनस्पती उद्यानाचे सन्माननीय संचालक साहेब. व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी. पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी धरून बसलेले बाईंचे यजमान. माळी, पहारेकरी, कार्यालयातले सहकारी. चहाच्या टेबलाजवळ आधीच जाऊन उभे राहिलेले माझे मित्र. आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो आहोत, त्या आपल्या बाई,

मी पाट्यांच्या विभागाचा. विभाग म्हणजे मी आणि एक मशीन. दोघांपैकी बोलता येणारा मी एकटाच, म्हणून मला उभं केलं आहे. वेळ थोडा दिलाय, पण चार ओळींत झाडाची अख्खी कुंडली बसवायची सवय असल्यामुळे तो पुरेल.

पाहुण्यांसाठी सांगतो. बागेत नवीन झाड आलं की ते कोण, हे ठरवावं लागतं. ते बाई ठरवतात. पान उलटून बघतात, देठ हुंगतात, भिंग लावतात आणि शेवटी म्हणतात, "माहीत नाही. फूल येऊ द्या." अंदाजपंचे नाव देणं त्यांच्या स्वभावात नाही. यजमान मला म्हणाले, "घरी भाजी कसली आहे विचारलं, तरी झाकण काढून बघितल्याशिवाय सांगत नाही."

तर ज्या कुंडीचं नाव ठरलेलं नसे, तिच्यावर आमचे हेड माळी, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो, एक चिठ्ठी चिकटवत: 'बाईंना विचारा'. पद्धत उत्तम होती. मी पाटी कोरण्याआधी बाईंना विचारायचो, त्या 'माहीत नाही' म्हणायच्या आणि मी चहाला जायचो.

मग प्रगती झाली. मशीन आलं. हाताने एक पाटी कोरायला माझी अर्धी सकाळ जायची; आता कॉम्प्युटरवर झाडाची नोंद झाली की पाटी आपोआप तयार. नोंदी करायला कंत्राटदाराची माणसं आली. ती कुंडीकुंडीपाशी गेली आणि जिथे जे लिहिलेलं दिसलं, ते त्यांनी इमानेइतबारे नावाच्या रकान्यात भरलं. मशीन शंका घेत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे. दुसऱ्या दिवशी ट्रे भरून पाट्या आल्या. काळा पत्रा, पांढरी सुबक अक्षरं: बाईंना विचारा. माळ्यांनी त्या लावूनही टाकल्या. मामांचं म्हणणं, "छापून आलंय म्हणजे वरून आलंय. आपण कोण विचारणारे?"

बाई त्यातली एक पाटी उपटून माझ्या खोलीत आल्या.

"हे कुणी केलं?"

"मशीननं."

"मशीनला सांगा, मी झाड नाही."

मी सांगितलं. काही फरक पडला नाही.

पाट्या बदलायच्या तर पत्रा संपलेला. आणि मंडळी, बागेत येणारे लोक पाट्या वाचतात, याची तोवर आम्हाला कल्पनाच नव्हती. नुसत्या वाचत नाहीत, पाळतातही! फाटकावर पहारेकऱ्याला विचारू लागले, "बाई कुठे बसतात हो?"

पहिले आले ते एक आजोबा. म्हणाले, "असलंच झाड आमच्या दाराशी आहे. बायकोनं लावलेलं. नाव तिला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही." बाई उठल्या आणि त्यांच्याबरोबर त्या कुंडीपाशी गेल्या. म्हणाल्या, "माहीत नाही. तुमच्याकडच्याला फूल येतं?"

"येतं की, दरवर्षी."

"घेऊन या."

आजोबांनी ओल्या रुमालात गुंडाळून फूल आणलं. कुंडीला नाव मिळालं, आजोबांनाही मिळालं. फाटकाबाहेर पडेपर्यंत ते मोठ्याने घोकत होते.

पत्रा आला, तेव्हा मी विचारलं, "बाई, बदलू या का आता पाट्या?" त्या भिंग पुसत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या. इतकी वर्षं इथे बसते आहे, मला काही विचारायला बाहेरचं कुणी आलं नव्हतं." मला वाईट वाटलं. मी रोज विचारायचो, पण ते पाटीपुरतं.

पुढे एकेका झाडाची ओळख पटत गेली. राहिली ती काचघरातली, खांबावरची वेल. तिला अजून फूल आलेलं नाही.

आणि इथे मी नम्रपणे अध्यक्षांकडे वळतो. साहेबांनी नियम केला आहे: नाव नाही तर पाटी नाही, पाटी नाही तर झाड नाही. वेलीवरची जुनी पाटी त्यातच निघाली. सोमवारी साफसफाई आहे. म्हणजे वेल खताच्या खड्ड्यात. निवृत्त होताना बाईंनी साहेबांकडे एकच मागणं केलं: फूल येईपर्यंत तिला राहू द्या. साहेब म्हणाले, "तुम्ही गेल्यावर ओळखणार कोण?" प्रश्न रास्त आहे. साहेबांचे प्रश्न रास्तच असतात. त्या दिवशी बाई नीट जेवल्याही नाहीत, असं यजमान सांगतात.

बाई, भिंतीवरचं घड्याळ तुम्हाला साहेब देतीलच. माझ्याकडून ही पाटी. मशीनने हा मजकूर घ्यायला नकार दिला. आता त्याला शंका घ्यायला शिकवलंय. म्हणून मी हाताने कोरली. खालची ओळ जरा घसरली आहे. वर लिहिलंय: बाईंना विचारा. खाली तुमच्या घरचा फोन नंबर. नंबर यजमानांनी दिला. बाईंना विचारलेलं नाही.

साहेब, पाटी आता आहे. पाटी आहे तर झाड आहे. ती आपल्या हस्ते वेलीला लागावी, अशी या सभागृहाच्या वतीने विनंती करतो. टाळ्या झाल्याच आहेत. आभारी आहे. साहेबांनी मान हलवली, ती सगळ्यांनी पाहिली. मामा, तुम्ही पाहिलीत ना? झालं तर.

बाई, चष्मा सावकाश पुसा, घाई नाही. आम्हाला तुमची आठवण येणार, हे सरळच सांगतो. वेलीला फूल आलं की फोन करू. त्याआधी उगाचच केला, तरी उचला.

साहेबांचे, विश्वस्तांचे आणि चहा निवत असूनही थांबलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर सांभाळून घ्यावं. आणि मी सांगितलं त्यातलं काही कुणाला खरं वाटत नसेल, तर नंबर पाटीवर आहे.