एकनाथरावांचं लँडिंग

—नाही, सही नाही करणार मी. कागद ठेव बाजूला, चहा घे, तेजस. बाबांनी पाठवलं म्हणून ट्रॅफिकमधून विद्यानगरपर्यंत आलास, हौ, कळलं— क्लबच्या फळ्यावर त्यांचं, एकनाथरावांचं नाव लावायचंय, ग्लायडरनं तीनशे किलोमीटर उडालेला पहिला माणूस म्हणून. अन् ते उड्डाण खरं होतं असं लिहून कोण देणार? मी. नौदलातला इंजिनिअर, दोनदा राष्ट्रीय विजेता, अन् त्या दिवशीचा निरीक्षकही मीच. पहिला म्हणे! त्याच्या आठ दिवस आधी तेवढंच अंतर कापून, परतीच्या वाटेवर, मी जहीराबादच्या पुढं कापलेल्या ज्वारीच्या रानात उतरलो होतो— उंचीची रेघ ओढणारी एक डबी असते आमची, उडण्याआधी तिला तार बांधून शिशाचं सील मारतात, नंतर ती निरीक्षकानंच उघडायची. मी रानातच उघडली. का? जन्मभर जहाजांची इंजिनं उघडली, बंद डबी बघवते का मला? रेघ नीट आली का, एवढंच बघितलं. अन् माझा निरीक्षक कोण— तुझे बाबा. म्हणाले, "सील तुटलं, उड्डाण संपलं." मित्र असून! इकडं माझ्या वडिलांनी, आबांनी, चिक्कडपल्लीत अख्ख्या गल्लीला पेढे वाटलेले. लोक रोज विचारायचे, सर्टिफिकेट कधी येतंय बोलून. आबा मागच्या गल्लीनं घरी यायला लागले. ते विसरू मी? नक्को.

मग तुझे बाबा उडाले. उतरल्यावर डबी मी काढून घेतली, तर त्यांचंही सील तुटलेलं. नियम म्हणजे नियम, मी पण तेच लिहिलं— बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काय? धक्क्यानं तुटलं? छे, ती तार धक्क्यानं नाही तुटत, पक्कड लावून दाबावी लागते, अंगठ्याला वळ पडतो—

बिस्कीट घे की.

असा बघू नको. काय म्हणालास— त्यानंतर ते उडालेच नाहीत? आपलंच लँडिंग खराब झालं म्हणून? चाळीस वर्षं घरी हेच सांगतात? मला वाटलं, तुझ्या आईनं सोडायला लावलं असेल. बरं झालं. आबांनी भोगलं, त्यांनीही भोगलं— फिटलं. बरंच झालं, काय की.

ऊठ आता. कागद घेऊन जा. अन् त्यांना सांग, इतकं मऊ लँडिंग मी जन्मात बघितलं नाही, चाक टेकलेलं कळलंसुद्धा नाही— नको. काही सांगू नको. जा म्हटलं ना. दार ओढून घे.