एका सेल्फमधी

बाबाची जुनी व्हॅन आठवते ना तुमाले? सेल्फ मारला की नुसती घर्र घर्र करे. तो आवाज आयकून आई चहा मांडे, अन गाडी चालू होईपर्यंत दोघं अंगणात उभ्या-उभ्या चहा पेत. बाबा गेले, मंग तिनं माह्यासाठीही तसंच चालू ठेवलं.

परवा आर्वीचा मिस्त्री म्हणे, "बॅटरी चांगली हाये, अर्थची वायर गंजली." त्यानं बॉडीवरचा जोड घासून नवी वायर टाकली. आज सकाळी एका सेल्फमधी गाडी चालू! खुशीत फाटकापर्यंत गेलो, तं आरशात आई दिसली, हातात चहाचं रिकामं भांडं घेऊन. मी थांबलो.

"झाली बी चालू?"

"हो आई, आता तरास नाई."

ती म्हणे, "ही नवी वायर गंजाले किती दिवस लागतीन रे?"