धूमकेतूचा फ्लेक्स

(चाकणमधलं फ्लेक्स छापायचं दुकान. संगणकासमोर दुकानदार समाधान. बाजूला दौलतराव आणि त्यांची मुलगी पुनम.)

समाधान : मग काका, ‘धूमकेतूचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ एवढंच टाकतो. लांबून वाचता येतंय.

पुनम : शोध मी नाही लावला हो. तो आधीच सापडला होता. त्यात काय काय आहे ते मी तपासलं.

समाधान : बरं. मग काय निघालं, ताई?

पुनम : इथेन नावाचा वायू. बाकीच्या धूमकेतूंपेक्षा कमी निघाला.

समाधान : कमी निघाला.

पुनम : हो. त्याच्यावरच माझी पीएचडी आहे.

समाधान : काका, कमी निघाल्याबद्दल अभिनंदन कसं करायचं?

दौलतराव : तू आपलं ‘पीएचडी झाली’ एवढंच लिव्ह. आन् फोटू मोठा घे. चौकात लागणार हाय.

समाधान : चौकात लावायचा तर वर भाऊंचा फोटो पाहिजे. निवडणुका तोंडावर आल्यात. भाऊ नसले तर फ्लेक्स संध्याकाळपर्यंत राहत नाही.

दौलतराव : टाक मग.

समाधान : भाऊ आले की त्यांचे साहेब आलेच. आणि तुमचे पुतणे सकाळीच येऊन गेले. शुभेच्छुक म्हणून सगळ्यांचे फोटो दिलेत, गॉगलवाले.

पुनम : म्हणजे, ‘पोरगी शिकून शिकून आभाळाकडं बघत बसलीय’ म्हणून हसायचे तेच ना, आबा?

दौलतराव : त्येच. पर भावकी हाय. न्हाई घेतलं तर रुसत्यात.

समाधान : हे बघा, बसवले सगळे.

पुनम : यात मी कुठंय?

समाधान : ह्या काय, भाऊंच्या कोपराखाली.

दौलतराव : आन् धूमकेतू?

समाधान : त्याला जागाच उरली नाही, काका. गॉगलच्या मागं शेपटी तेवढी दिसायलीय.

पुनम : आबा, राहू द्या. मला नकोच फ्लेक्स.

दौलतराव : तुला नसंल, मला पायजे. पारावर बसलं की कुणाचा पोरगा कुठल्या कंपनीत, कुठल्या शिफ्टला, समदं मी ऐकून घेतो. माझी पाळी आली की मंडळी चहा सांगत्यात. एकदा बी कुणी म्हणलं न्हाई, दौलतराव, तुमची पुनम काय करती. लई लागतं गं मनाला.

पुनम : मला कधी बोलला नाहीत.

दौलतराव : बोलून काय करणार. समाधान, ती वाकडी रेघ कसली रं?

समाधान : ताईंच्या पेनड्राइव्हमध्ये होती. चुकून आली असंल.

पुनम : चुकून नाही, मीच दिली. तेच माझं काम आहे. धूमकेतूकडून डोळ्यांना न दिसणारा उजेड येतो, इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो ना, त्याच जातीचा. तो यंत्रात पसरून घेतला की अशी रेघ मिळते. हे उंचवटे धूमकेतूतल्या वायूंचे, आणि हे खड्डे आपल्या हवेचे.

दौलतराव : आपली हवा कशाला मधी?

पुनम : उजेड तिच्यातूनच खाली येतो ना. म्हणून आधी आपली हवा वजा करायची. उरेल ते धूमकेतूचं. माझा निम्मा जीव त्यातच गेला.

दौलतराव : आन् उरतं किती?

पुनम : थोडंच. पण ते खरं असतं.

दौलतराव : समाधान, भाऊला काढ.

समाधान : काय म्हणलं?

दौलतराव : सायबाला बी काढ. आन् गॉगलवाले समदे.

समाधान : काका, चौकात एक दिवस टिकायचा नाही. मग मला म्हणू नका.

दौलतराव : चौकात लावतंय कोण? भाड्यानं दिलेल्या माझ्या खोल्या हायेत, त्यांच्या भिंतीवर लाव. कंपन्यांच्या समद्या बसा तिथनंच जात्यात.

पुनम : भावकी रुसेल, आबा.

दौलतराव : रुसू दे.

समाधान : घ्या, काढलं. आता उरलंय काय बघा. ताईंचा फोटो, नाव आणि ही रेघ. एक बोलू का? दवाखान्यात छातीला वायरी लावून काढतात, तशी दिसायलीय. फोटोखाली असली रेघ बघून लोक थांबतील आणि विचारतील, पोरीला काय झालं म्हणून.

दौलतराव : इचारू दे. मी तिथंच खुर्ची टाकून बसणार हाय.